तेल न लावता या

अप्पांनी आयुष्यात डोक्याला खोबरेल लावल्याशिवाय घर सोडलेलं नव्हतं. पायाच्या जखमेसाठी दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपचार घ्यायला गेले, तर पहिल्याच दिवशी तंत्रज्ञ मुलीने त्यांचे केस पाहिले आणि म्हणाली, “काका, आज नाही जमणार. उद्या न्हाऊन या, तेल न लावता.” दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल, अत्तर, नायलॉन, मोबाईल यांतलं काहीही आगीला निमित्त होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी आधी साखर तपासली, कारण आत असताना ती उतरू शकते. मग सुती कपडे, मनगटाला अर्थिंगचा पट्टा, आणि अप्पा ॲक्रिलिकच्या पारदर्शक नळकांड्यात सरकले. दार लागलं, हिस्स आवाज सुरू झाला. “आवंढा गिळत राहा, काका. दडे बसले की हात वर करा,” ती इंटरकॉमवर बोलली. अप्पांनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा तिने दाब तिथेच थांबवला. शेवटी तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २.४ पटीवर ठरला, म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खोल. तिथे ९० मिनिटं.

अप्पांची जखम पाच महिन्यांची, पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढी. चपलेचा खिळा टोचला आणि बधिर पायाला कळलंच नाही. मधुमेहाने रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की जखमेला ऑक्सिजन अपुरा पडतो. दाब वाढवला की सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखा तो रक्तद्रवातच जास्त विरघळतो आणि तांबड्या पेशींवाचूनही पुढे पोचतो. १९६० साली ॲमस्टरडॅमच्या बोरेमा या शल्यविशारदाने तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरं वाढीव दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये जगवून दाखवली होती.

बाराव्या बैठकीनंतर पट्टी सोडली, तर पांढुरक्या तळाशी डाळिंबासारखे लाल दाणे दिसले. मी हरखलो. डॉक्टरांनी मात्र लगेच बजावलं, “सगळं श्रेय मशिनला देऊ नका.” मेलेली कातडी दर आठवड्याला खरवडली जात होती, पायावर भार द्यायला बंदी होती, इन्सुलिन चुकत नव्हतं. या उपचाराच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. शिवाय तो सगळ्यांना चालत नाही : फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल, तर आत पाठवतच नाहीत.

तीस बैठकांनंतर जखम तुरीच्या दाण्याएवढी उरली, पुढे महिन्याभरात मिटली. अप्पांचं खोबरेल पुन्हा सुरू झालं. त्यात एका सवयीची भर पडली आहे : झोपण्याआधी तळव्याखाली आरसा धरायचा. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज रात्रीच त्यांचे तळवे उजेडात पाहा.