सरोवरांच्या सान्निध्यात सहजीवनाचा शुभारंभ

तुळशीच्या लग्नानंतर विवाहमुहूर्त सुरू होतात, त्याच सुमारास कुमाऊंच्या पर्वतराजीत आकाश निरभ्र होऊन हिमशिखरे दिसू लागतात. मे-जूनची गर्दी नसते, पावसाळ्यातील दरडींचे भयही ओसरलेले असते. म्हणूनच मधुचंद्रासाठी नैनिताल परिसर निवडणाऱ्या नवदांपत्यास हा काळ विशेष अनुकूल ठरतो.

रेल्वेचे अखेरचे स्थानक काठगोदाम. पुढे सुमारे ३५ किलोमीटरचा घाटरस्ता. नैनी सरोवरातील नौकाविहार, काठावरील नैनादेवीचे मंदिर आणि 'स्नो व्ह्यू'वरून दिसणारे ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर ही येथील मुख्य आकर्षणे. निवांतपणा हवा असल्यास मुक्काम भीमताल अथवा नौकुचियाताल येथे करावा. वनराईत दडलेले सातताल तेथून जवळच आहे.

मधुचंद्र हा बहुधा पती-पत्नीने एकत्र घेतलेला पहिला आर्थिक निर्णय असतो. विवाहखर्चापाठोपाठ ही सहलही उधारीवर झाली, तर संसाराचा आरंभच हप्त्यांनी होतो. त्याऐवजी साखरपुड्यापासूनच दोघांनी झेपेल तेवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत भरावी. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, ती तारीख लक्षात ठेवावी. आकस्मिक खर्चासाठी थोडी रक्कम वेगळी राखावी.

कोणाचे उत्पन्न किती, कोणावर घरची कोणती जबाबदारी, हे विचारताना नवपरिणितांना संकोच वाटतो. सहलीचे अंदाजपत्रक मांडताना तो विषय सहज निघतो. सरोवराकाठचे चार दिवस सरतात; तेव्हा जडलेली मोकळेपणाची सवय मात्र आयुष्यभर साथ देते.