कुरळ्या केसांत बिघडलंय काय?

बेंगळुरूच्या बसमध्ये दाट, घट्ट कुरळ्या केसांची सावळी मुलगी चढली की लोक तिला परदेशी ठरवून मोकळे होतात. ती आफ्रिकेतून शिकायला आलेली असेलही. पण ती यल्लापूर, हल्याळ किंवा मुंडगोडची सिद्दीही असू शकते. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. अनेकांना अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलं आणि गोव्यातून निसटलेल्यांनी सह्याद्रीच्या रानात आसरा घेतला. त्यांची घरची बोली कोकणीच्या वळणाची आहे, आणि २००३ पासून कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. हबशी मलिक अंबर आणि सिद्दींचा जंजिरा शाळेत शिकलेल्या मराठी माणसाने तरी तिला ‘कुठल्या देशाची?’ म्हणून विचारू नये.

‘विंचरत नाही, धूत नाही’ हा समज तर सर्रास. खरं म्हणजे अशा केसाचं मूळच त्वचेखाली वाकलेलं असतं आणि केस आडवा कापून पाहिला तर गोल नव्हे, चपटा दिसतो. टाळूचं तेल इतक्या वळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून केस कोरडे पडतात. रोज शाम्पू केला तर आणखीच. केस ओले करायचे, कंडिशनर लावायचं आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सावकाश गुंता काढायचा. कोरड्या केसांतून बारीक फणी ओढली की ते तुटतात, आणि मग ‘यांचे केस वाढतच नाहीत’ म्हणायला लोक तयार! वाढतात. ओली बट ताणून पाहिली की वळणांत दडलेली लांबी दिसते.

पार्लरमध्ये पाय ठेवताच ‘सरळ करून घ्या’ हा सल्ला मिळतो, आणि तो निरुपद्रवी मुळीच नाही. केस सरळ करणाऱ्या रिलॅक्सरमधला तीव्र अल्कली केसातले बंध तोडतो, टाळू भाजू शकते, आणि नवा केस पुन्हा कुरळाच उगवतो. २०२२ च्या अमेरिकी अभ्यासात, केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या बायकांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं अनुमानित प्रमाण ४.०५ टक्के निघालं. न वापरणाऱ्यांत १.६४. हा नुसता संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण अशी रसायनं सर्वाधिक वापरणाऱ्या कृष्णवर्णीय बायकाच होत्या.

सरळ केसांच्या या हव्यासात आपलाही वाटा आहे. तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावात विकले जातात आणि सरळ केसांचे विग होऊन जगभर जातात.

‘नीटनेटके केस’ म्हणजे सरळ केस, हा कार्यालयांचा समजही खोटाच. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला: केसांचा पोत किंवा वेण्या पाहून नोकरीत, शाळेत भेदभाव करता येणार नाही.