मोठ्या अंतर्गळाची जाळीद्वारे दुरुस्ती : वऱ्हाडच्या संदर्भात

पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणापाशी स्नायूंची भिंत फाकते व आतडे त्वचेखाली उतरते. यास व्रणजन्य अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, असे म्हणतात. अमरावती-अकोला परिसरात वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वैद्यकीय नसून मजुरीचाही आहे. कारण ओझे उचलताना पोटातील दाब वाढतो.

रुंद छिद्राच्या कडा ओढून नुसत्या शिवल्यास सारा ताण टाक्यांवर येतो. नेदरलँड्समधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६ सेंमीपर्यंतच्या छिद्रांतही, दहा वर्षांत टाक्यांनंतर ६३ टक्के व जाळीनंतर ३२ टक्के रुग्णांत अंतर्गळ पुन्हा उद्भवला. जाळी छिद्राच्या कडांपलीकडे, शक्यतो स्नायूंच्या मागे पसरवितात. तिच्या विणीत नव्या ऊती वाढतात व भार विभागला जातो. साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी आतड्यास चिकटू शकते, म्हणून मध्ये पोटाचे अस्तर राखावे लागते.

राहता राहिली किंमत. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले व २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. युगांडातील ३०२ पुरुषांवरील चाचणीत (२०१६) अशी स्वस्त जाळी वर्षभराच्या निरीक्षणात महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. मात्र ती चाचणी जांघेतील अंतर्गळाची होती. पोटाच्या मोठ्या अंतर्गळास तो पुरावा जसाच्या तसा लावणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटत नाही.