सोंगाचा सरंजाम: दशावतारी पेटाऱ्यापासून इव्हा फोमपर्यंत

दशावतारी नाटकातल्या राजाचा वेश तीन वस्तूंवर उभा असतो: मुगुट, खांद्यांवरच्या भुजकीर्ती आणि हातातले आयुध. जत्रेच्या रात्री देवळासमोर बसलेल्या प्रेक्षकाला जरीचा टाका दिसत नाही. त्याला आकृती दिसते. मुगुटाने नट वीतभर उंच होतो, भुजकीर्तींनी रुंद होतो, आणि तोंड उघडण्याआधीच तो राजा आहे हे कळते. दक्षिण कोकणातल्या सोंगाचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते, आणि घरी कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून वावरण्याची, तयारी करणाऱ्याने आधी तेच शिकावे.

याच दक्षिण कोकणातले आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले तेरेखोल खाडीकाठचे गाव. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. धयकालो, म्हणजे दशावतार, दोन्ही काठांवर तितकाच आपला. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर अशी नावे असलेली मंडळे गावोगाव फिरतात. पूर्वी सगळा सरंजाम पेटाऱ्यांत भरून डोक्यावरून वाहून नेत. त्यामुळे हलके, सुटे होणारे आणि धक्का सोसणारे तेवढेच पेटाऱ्यात टिकले. रंगभूषाकार वेगळा नसतो. प्रत्येक नट आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगवतो, स्वतःचा टोप बसवतो, आणि तुटलेल्या दागिन्याचा मणीही बहुधा स्वतःच ओवतो.

या परंपरेतली काही सोंगे रचनेचे धडे म्हणून पाहावीत. संकासुराला काळा पोशाख आणि चेहरा झाकणारी काळी टोपी लागते. भरजरी काहीच नाही. तरी तो रंगमंचावर येताच पोरे ओरडतात, कारण संपूर्ण काळ्या आकृतीत तोंडाचा लाल-पांढरा भाग तेवढा उठून दिसतो. दशावतारातले सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक सोंग हेच म्हणावे लागेल. सरस्वतीचा मोर वेगळ्या युक्तीचा. तो नटाच्या कमरेला बांधलेला असतो, चालतात नटाचेच पाय, आणि प्रेक्षकाला देवी वाहनावर बसलेली दिसते. जड वस्तूचा भार हातावर न ठेवता कमरेवर आणि खांद्यांवर द्यावा, हे मोठे पंख किंवा चिलखत करणाऱ्याला इथूनच घेता येते.

जुने साहित्य आसपासचेच होते: हलके लाकूड, पुठ्ठा, कापड, बेगड, काचेच्या टिकल्या, मणी. सावंतवाडीचे चितारी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरत आले, कारण ते मऊ आणि वजनाला कमी असते. दिवाळीत नरकासुर उभारणारी मुले मुखवट्यासाठी कागदाचा लगदा वापरतात, आणि घरी शिकायला ही उत्तम सुरुवात आहे. मातीचा साचा करावा, त्यावर ओला कागद पसरावा, मग वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून एकावर एक थर द्यावेत. दर दोन-तीन थरांनंतर सुकू द्यावे. घाई केली तर आतला ओलावा कोंडतो आणि कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, पण ते विषारी असल्याने चेहऱ्यावर घालायच्या मुखवट्यात टाळावे.

कॉस्प्लेचा इतिहास याहून अगदी अलीकडचा. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा मर्टल डग्लस यांनी स्वतःसाठी आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्यासाठी भविष्यकाळातले पोशाख घरीच शिवले होते. ‘कॉस्प्ले’ हा शब्द जपानी पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८०च्या दशकात रूढ केला. भारतात २०११पासून कॉमिक कॉन ही संमेलने भरू लागली आणि मुंबईतही घरी बनवलेली चिलखते दिसू लागली. त्यांतली बहुतेक इव्हा फोमची असतात, म्हणजे चपलांच्या तळव्याला आणि जिमच्या चटयांना वापरतात त्या फोमची.

हा फोम दहा मिलिमीटर जाडीचा घेतला तर चिलखताचा पाया होतो, पाच मिलिमीटरचा मुगुटाला पुरतो, दोन मिलिमीटरचा नक्षीला. कापायला दर वेळी धारदार पाते हवे. बोथट पात्याने कड फाटते. हीटगनने गरम केल्यावर पृष्ठभागाला किंचित चमक येते, छिद्रे मिटतात, आणि वाकवून गार होईपर्यंत धरले की आकार कायम राहतो. सांधायला चांभार वापरतात ते रबर सोल्यूशन घ्यावे. दोन्ही कडांना लावून हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे, मग दाबावे. एकदा टेकले की सरकवता येत नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे या थरावर पाणी धरते आणि सांधा कच्चा राहतो. हे काम खिडकी उघडी ठेवून, जवळ ज्योत नसताना करावे. घासताना उडणारी फोमची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा.

गदेचे उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण गोल आकार सपाट फोममधून काढणे नवख्याला अवघड जाते. गोळ्याचा घेर साठ सेंटिमीटर हवा असेल तर फणसाच्या गऱ्यासारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या सहा फाका कापाव्यात: प्रत्येक फाक मध्यभागी दहा सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब. कागदावर एकच फाक काढून तिच्यावरून बाकीच्या आखाव्यात. दांड्याला पोकळ पीव्हीसी नळी पुरते. धातूची किंवा खरी धार असलेली शस्त्रे संमेलनांत आत सोडत नाहीत.

रंगाच्या बाबतीत जुन्या आणि नव्या सोंगांची वाट वेगळी होते. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या हलत्या उजेडात बेगड चांगली लखलखे. आजच्या फ्लॅशसमोर तीच चकचकीत पट्टी पांढरा डाग होते. म्हणून फोमला पाण्यात मिसळलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्यावेत, त्यावर काळा रंग, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर सोनेरी. खोलगट भागात काळा उरतो आणि धातूचा भास होतो.

चेहऱ्यासाठी दशावतारी नट पूर्वी सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ वापरत. हिंगुळात पारा असतो, त्यामुळे आज नाटकाचे तयार रंगच घ्यावेत. अ‍ॅक्रिलिक किंवा पोस्टर कलर त्वचेसाठी नसतात. नवा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

वस्तू पूर्ण झाली की ती अंगावर चढवून घरात काही तास वावरावे: जिना चढावा, बसावे, पाणी प्यावे. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारा नट पहाटेपर्यंत मुगुट सांभाळून लढाई करतो, तर स्त्रीपार्टी करणारा त्याच रात्रीत नऊवारीत चालतो, रडतो, नाचतो; दोघांची वेशभूषा आधी हालचालीला बसते, मग डोळ्यांत भरते. काच पडणाऱ्या जागी आतून मऊ कापड शिवावे, पट्ट्यांना वेल्क्रो किंवा इलॅस्टिक लावावे, आणि मुगुटाचा घेर डोक्याच्या मापापेक्षा केस व टोपासाठी दोन सेंटिमीटर मोठा ठेवावा.

फोमचे सामान उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यास वाकते. मुगुटात कागदाचे बोळे भरून तो उभा ठेवावा, लगद्याच्या मुखवट्याला आतून-बाहेरून वॉर्निशचा हात द्यावा, आणि पावसाळा सरल्यावर सगळे बाहेर काढून सावलीत वारा लागू द्यावा. सुटलेले सांधे त्याच वेळी नव्याने चिकटवावेत.