कर्करोग केंद्रात नेमकं काय होतं? परभणीच्या रुग्णांसाठी थोडी माहिती

परभणी, सेलू, गंगाखेड, पूर्णा, जिथं जिथं आम्ही बोलायला गेलो तिथं एक प्रश्न हमखास आला. "डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलंय, तिथं नेमकं काय करतात हो?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर देऊ. यंत्रांची माहिती सांगूच, पण रुग्ण मधेच का सुटतो आणि त्यानं काय बिघडतं, हे आज जास्त महत्त्वाचं आहे.

मराठवाड्यासाठी सरकारी कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं हे रुग्णालय 2012 मध्ये सुरू झालं आणि पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे तिन्ही उपचार तिथं होतात. परभणीहून मानवत रोड, सेलू, परतूर, जालना असा थेट रेल्वेमार्ग आहे. म्हणजे जाता येतं. अडचण आहे ती तिथं पुन्हा पुन्हा जाण्याची आणि राहण्याची.

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात पन्नाशीच्या एक मावशी आहेत. पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि आता पुन्हा रक्त जायला लागलंय. लाजेपोटी त्या कुणाला सांगत नाहीत. इथं पहिली पायरी गावातच असते. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंडाच्या कर्करोगासाठी, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई यादी करतात, आरोग्य केंद्रात तपासणी होते. संशय आला तर जिल्हा पातळीवर छोटा तुकडा काढून तपासतात. यालाच बायोप्सी म्हणतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही भीती आम्ही फार ऐकतो. ती मनातून काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

मग मावशी कर्करोग केंद्रात पोहोचतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत औषध फारसं मिळत नाही. रक्त तपासतात, स्कॅन काढतात, तुकड्याचा अहवाल पुन्हा पाहतात. घरच्यांना वाटतं, टाळाटाळ चाललीय. तसं नसतं. रोग एकाच जागी आहे की आजूबाजूला गेलाय, हे कळल्यावरच शस्त्रक्रिया करायची की किरणं द्यायची हे ठरतं. शस्त्रक्रियेचे, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून हा निर्णय घेतात. म्हणून जुने सगळे कागद एका पिशवीत घेऊन जा. एक अहवाल घरी राहिला तर अख्खी फेरी वाया जाते.

समजा, मावशींना रेडिएशन ठरलं. आपल्याकडे लोक त्याला 'शेक' म्हणतात, पण त्यात भाजत नाही आणि दुखतही नाही. आठवड्यातून पाच दिवस, दररोज काही मिनिटं, असं साधारण पाच आठवडे चालतं. बरोबर आठवड्यातून एकदा केमोचं सलाइन असतं. त्यानंतर आतून किरणं देण्याच्या काही बैठका होतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं. कारण किरणांनी पेशी मरतात तशा उरलेल्या पेशी पुन्हा वाढायलाही लागतात. खंड पडला की त्यांना फावतं. आठ आठवड्यांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्यापर्यंत घटते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

आणि नेमकी इथंच गळती होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्त जायचं थांबतं. मावशी म्हणतात, "आता बरं वाटतंय, सोयाबीन काढणीला आलंय, जाऊन येते." घरचेही म्हणतात, खर्च वाचला. पण रक्त थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. मधेच सोडलेला उपचार पुन्हा तिथूनच सुरू करता येतो असंही नाही. आम्हाला आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवा म्हणून सांगायचं झालं, तर ते हे: बरं वाटलं म्हणून थांबू नका, डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हाच थांबा.

मग राहायचं कुठं, पैसा कुठून आणायचा? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसी डब्यात पूर्ण, तर सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. राहण्याच्या सोयीबद्दल समाजसेवा अधीक्षकांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, त्यांचं ते कामच आहे.

उपचार संपले की मावशी घरी येतात, पण तपासणीला ठरल्या तारखेला जायचं असतं. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रं उभारण्याची घोषणा झाली आहे. म्हणजे केमोचं सलाइन जिल्ह्यातच घेऊन संध्याकाळी घरी जाता यावं. परभणीला तसं केंद्र नीट चालू झालं तर कितीतरी फेऱ्या वाचतील. रेडिएशनसाठी मात्र मोठ्या केंद्रातच जावं लागेल.

शेवटी कुणी म्हणेल, एवढं करून खेड्यातल्या माणसाला फायदा होतो का? याचं उत्तर मराठवाड्यातच मिळालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. ज्या गावांत गर्भाशयमुखातील विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, एकदाच चाचणी करून दोष सापडलेल्या बायकांवर उपचार केले, तिथं या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न केलेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले. 2009 मध्ये ते निष्कर्ष जगासमोर आले. त्या बायका आपल्यासारख्याच होत्या, शेतात राबणाऱ्या. फरक एवढाच, की त्यांच्यापर्यंत तपासणी वेळेवर पोहोचली आणि उपचार पुरे झाले.

तेव्हा आज घरी गेल्यावर घरातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला एकदा विचारा, तपासणी झाली का? आणि शेजारी कुणाचे उपचार चालू असतील, तर त्यांच्या काढणीला दोन दिवस हात लावा. तीही रुग्णसेवाच आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.