पायडलखालचा बालाघाट

मोटारीतून जाताना मांजरसुंब्याचा घाट जाणवतच नाही. चौपदरी रस्ता आहे, एक गाणं संपायच्या आत माणूस वर पोचतो. सायकलने मला चढायला पाऊण तास लागला. तीन ठिकाणी उतरलो, पाणी प्यालो आणि तिन्ही ठिकाणी मागे वळून पाहिलं. खाली बिंदुसरेचं खोरं, त्यात पालीजवळच्या धरणाचं पाणी, आणि लांब धुरकट दिसणारं बीड शहर. माझा जन्म या जिल्ह्यातला. या घाटातून शेकडो वेळा गेलो असेन, पण हा देखावा मी पहिल्यांदा पाहिला तो दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी, घामाने निथळत.

बीड म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते आणि रोजच्या पेपरातल्या बातम्या आठवतात. त्यात खोटं काही नाही. पण हा जिल्हा दऱ्याखोऱ्यांचा आहे, नद्यांच्या उगमांचा आहे, हे कुणी सांगत नाही. पाटोद्याचं पठार म्हणजे या भागाचा माथा. सिंदफणा इथल्या चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला मिळते. बिंदुसराही याच बालाघाटाच्या डोंगररांगेतली, ती पुढे सिंदफणेत जाते. मांजरा याच तालुक्यात जन्मते. गोदावरी उत्तरेला असताना ती मात्र उलट पूर्वेला निघते, लातूर, बिदर, मेदक असा सातशेहून जास्त किलोमीटरचा वळसा घालते आणि मग तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीलाच मिळते. आणि सौताड्याची विंचरणा? ती सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचा एक थेंब गोदावरीत जातो, दुसरा कृष्णेत. शाळेत हे नकाशावर शिकलो होतो. सायकलवर ते पायांना कळलं. चढ कुठे संपतो, उतार कोणत्या बाजूला लागतो, हे पाय सांगतात.

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यातून सुमारे 900 किलोमीटरची सायकलवाट आखलेली आहे. नदीकाठाने जायचं, वाटेत राजवाडे पाहायचे, लहान गावात मुक्काम करायचा. जागोजाग पाट्या आहेत, त्यामुळे कुणाला विचारावंही लागत नाही. आपल्याकडे सायकलप्रेमींना फ्रान्स माहीत आहे ते दुसऱ्या कारणाने. 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे राइड तिकडूनच आल्या आणि त्या पूर्ण करणाऱ्यांना दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस खुणावते. 1200 किलोमीटर, 90 तासांत. महाराष्ट्रातलेही सायकलस्वार तिथे जाऊन आले आहेत, त्यांच्या जिद्दीला माझा मनापासून सलाम आहे. पण घड्याळाशी शर्यत लावून फिरणं वेगळं आणि खोऱ्याखोऱ्याने, देवळादेवळाने फिरणं वेगळं. या दुसऱ्या फिरण्यासाठी बीड ते सौताडा ही साठ-सत्तर किलोमीटरची वाट मला फार मोलाची वाटते.

ही वाट सुरू करावी कंकालेश्वरापासून. शहराच्या पूर्व भागात, पाण्याच्या मधोमध उभं असलेलं हे जुनं दगडी देऊळ. बीडकर त्याच्याबद्दल इतकं ऐकून आहेत की मी काही नवं सांगणार नाही. पहाटे जावं, पाण्यात शिखर हललेलं पाहावं आणि सोलापूरच्या रस्त्याला लागावं.

शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. इथे मात्र सायकल लावून निवांत बसायला हवं. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधली आणि ती उभारणाऱ्या कारागिराचं नाव राजा भास्कर असं सांगतात. वरून पाहिलं तर मोठी गोल विहीर, बस्स. पायऱ्या उतरून खाली गेलं की मग तिची करामत दिसते. पाण्याच्या कडेने ओवरी आहे आणि विहिरीला तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर जातं. मोट नाही, रहाट नाही. जमिनीचा उतार ओळखून पाणी आपसूक बीडच्या शिवारापर्यंत नेलं आणि शेकडो एकर जमीन भिजवली. ज्याने हा उतार मापला त्याच्याकडे कसली दुर्बीण होती? उपग्रहाचा नकाशा तर नव्हताच. पायी चालून, दोरी आणि पाण्याची पातळी लावून त्याने हे ओळखलं असणार.

नावामागची गोष्ट लोक अजून रंगवून सांगतात. सलाबतखानाने वसुलीचा सगळा पैसा या कामात घातला. नगरहून विचारणा झाली, खजिना कुठे आहे? त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. विहिरीजवळच्या शेतात सोयाबीनची रास झाकत असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला ही गोष्ट सांगितली आणि वर म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात बी हिनं पाणी दाखवलं, भाऊ." बाबांच्या आवाजात आपल्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा अभिमान होता. मी खाली उतरलो तेव्हा पाण्यावर बाटल्या आणि पूजेचं निर्माल्य तरंगत होतं, भिंतीवर बदामात कोरलेली नावं होती. एवढं शहाणपण ज्या दगडांत आहे, तिथे निदान माहितीची एक नीट पाटी असू नये याचं वाईट वाटतं.

घाट चढून मांजरसुंब्याला आलं की ढाब्यांची रांग लागते. सोलापूर-धुळे महामार्ग आणि जामखेड-अंबाजोगाई रस्ता इथे एकमेकांना छेदतात. इथून जवळच कपिलधारचा फाटा आहे. वीरशैव संत मन्मथस्वामी, 'परमरहस्य' लिहिणारे, यांची समाधी दरीच्या तळाशी आहे. पायऱ्या उतरत गेलं की आधी धबधब्याचा आवाज येतो, मग गारवा येतो, आणि शेवटी देऊळ दिसतं. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, कर्नाटक आणि तेलंगणातून भाविक येतात. मी गेलो त्या दिवशी दहा-बाराच माणसं होती. धारेखाली हात धरला तर उन्हाने तापलेले तळवे क्षणात निवले.

पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की खरा बालाघाट. तुरीची शेतं फुलायला लागलेली, बाजरीची कणसं कापून झालेली, आणि बांधाबांधावर सीताफळाची झाडं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण इथल्या माणसाला ते माळावर उगवणारं, पोरांनी दगड मारून पाडायचं फळ म्हणूनच ठाऊक. रस्त्याकडेला एक आजी पाटी घेऊन बसल्या होत्या. डोळे उघडलेली तीन सीताफळं त्यांनी मला निवडून दिली आणि पाण्याची बाटली भरून घ्यायला घरात पाठवलं.

पाटोद्याच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक असं आदळलं की रिम 'आउट' झाली. चाक ब्रेकला घासायला लागलं. कसाबसा गावात आलो आणि स्टँडच्या मागच्या गल्लीत चाचांचं दुकान सापडलं. दहा बाय आठचा पत्र्याचा गाळा. बाहेर ट्यूब बुडवून बघायचं पाण्याचं घमेलं, हवेचा पंप, आत भिंतीला टांगलेल्या टायरांच्या माळा. चाचांनी सायकल उलटी उभी केली, चाक एकदा फिरवलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग खडूचा तुकडा अंगठ्यात धरून हात चिमट्यावर टेकवला आणि चाक पुन्हा फिरवलं. जिथे रिम बाहेर आली होती तिथे खडूची रेघ उमटत गेली. रेघेजवळच्या तारा त्यांनी बोटाने वीणेसारख्या छेडून पाहिल्या. ढिली तार खाली बोलते, ताणलेली वर बोलते. निपलला चावीने पाव वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे. पुन्हा खडू, पुन्हा रेघ, प्रत्येक वेळी आखूड होत जाणारी. वीस मिनिटांनी खडू कुठेच लागेना.

"कानाने आउट काढायचा असतो," ते म्हणाले. "डोळा फसतो."

पन्नास वर्षं ते हे काम करताहेत. पूर्वी त्यांच्याकडे भाड्याच्या चौदा सायकली होत्या. ती वही त्यांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवली. लाल कापडाची बांधणी, पानं पिवळी पडलेली. नाव, सायकल नंबर, किती वाजता नेली, किती वाजता आणली, पैसे. कुणाच्या नावापुढे 'लग्न', कुणाच्या 'दवाखाना', कुणाच्या नुसतंच 'शाळा'. माझे वडील या भागात मास्तर होते, चोवीस इंची काळ्या सायकलवरून वाडीवरच्या शाळेत जायचे. स्वतःची सायकल घेण्याआधी तेही अशीच भाड्याची नेत असतील. मी ती वही बराच वेळ चाळत राहिलो. चाचांनी घाई केली नाही.

आता त्यांच्याकडे काम येतं ते शाळकरी मुलींच्या सायकलींचं, योजनेतून मिळालेल्या. "दसरा-दिवाळीपर्यंत ठीक चालतंय," चाचा म्हणाले. "मग गावं कारखान्यावर जातात. पाडव्याला परत आली की मग चेन गंजलेली, टायर बसलेलं, पोरी सायकल ढकलत घेऊन येतात. काहीजणी येतच न्हाईत."

पैसे विचारले तर त्यांनी चाळीस रुपये सांगितले. मी जास्त देऊ केले, त्यांनी ते परत केले.

जिल्ह्यात रेल्वे आली आहे. 17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली, आमच्या आजोबांच्या पिढीपासूनची वाट पाहणं संपलं. बाहेरचा सायकलवाला आता गाडीने बीडला येऊ शकतो. त्याच्यासाठी काय हवं? फार काही नको. वाटेवर दहा-पंधरा पाट्या, महामार्गाच्या कडेला सायकलला जागा, मुक्कामाला गावातली चार घरं, आणि चाचांसारख्यांच्या दुकानांची नावं एका कागदावर. अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावी, धारूरच्या किल्ल्याला, धर्मापुरीच्या केदारेश्वराला जोडणाऱ्या वाटाही मग आपोआप सुचतील. चाचांच्या माळ्यावर त्या चौदांपैकी सहा सायकली अजून आहेत. तारा बदलल्या की चालतील, असं ते म्हणाले.

सौताड्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पठारावरून येणारी विंचरणा इथे कड्यावरून खोल दरीत कोसळते. खाली रामेश्वराचं देऊळ. पावसाळा संपल्याने धार बारीक झाली होती, पण वाऱ्याने तिचे तुषार थेट कठड्यापर्यंत येत होते. खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला चिप्सच्या पाकिटांचा खच होता. दोन पोरं सहलीला आलेल्यांचा कचरा पोत्यात भरत होती, कुणी सांगितलं म्हणून नाही. मी अंधार पडेपर्यंत त्यांच्याबरोबर पोतं धरलं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. मांजरसुंब्याच्या चौकात एक ट्रॅक्टर चहासाठी थांबला होता. मागे दोन ट्रॉल्या. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्यांची डालगी, म्हातारी माणसं, लेकरं. यंदा जरा लवकरच निघालेलं बिऱ्हाड. ट्रॉलीच्या फळीला सुतळीने एक निळी सायकल बांधलेली होती आणि तिच्या शेजारी दोन वेण्या घातलेली बारा-तेरा वर्षांची पोर बसली होती. मी कुठल्या गावची म्हणून विचारलं. तिने गावाचं नाव सांगितलं, मग माझ्या सायकलकडे पाहून विचारलं, "काका, तिला गिअर हायती का?" मी आहेत म्हणालो, सायकल ट्रॉलीजवळ नेली आणि गिअर बदलून दाखवला. ती वाकून बघत होती. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा तिने एका हाताने निळ्या सायकलचं हँडल धरून ठेवलं होतं, वळणावर ती हलू नये म्हणून.