भोपळ्याच्या वेलापाशी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपली मुले परागीभवनाचा धडा शाळेत हिंदी, गुजराती वा इंग्रजीतून पाठ करतात. परंतु फूल आणि मधमाशी यांचे नाते त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडते. ते दाखविण्यास परसातील लाल भोपळ्याचा एक वेल पुरेसा आहे, असे आम्हांस वाटते.

या वेलावर नरफुले व मादीफुले निरनिराळी येतात. मादीफुलाच्या तळाशी इवलासा भोपळा असतो. नरफूल नुसत्या देठावर उभे असते. हा भेद मुलांनाच शोधू द्यावा. मग उद्या उमलतील अशा दोन मादीकळ्या निवडून एकीवर सायंकाळीच मलमलीची पिशवी बांधावी. फुले पहाटे उमलतात व दुपारपूर्वी मिटू लागतात. तेवढ्या अवधीत उघड्या फुलावर मधमाश्या किती वेळा येतात, हे मुलांनी वहीत टिपावे. काही दिवसांत झाकलेल्या फुलाखालचा भोपळा पिवळा पडून गळतो. दुसरा, पुरेसे परागकण मिळाले असल्यास, वाढीस लागतो.

अशा निरीक्षणाचे मोल थोडे नाही. रियुनियन बेटावर व्हॅनिलाला फुले येत. पण परागकण पोहोचविणारा कीटक तेथे नसल्याने फळ धरत नसे. १८४१ साली एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने काडीच्या साह्याने ते काम हाताने करण्याची सोपी रीत शोधून काढली.

भर सकाळी उमललेल्या फुलांवर कीटकनाशक फवारल्यास मधमाश्या मरतात. वेलापाशी बसून त्या मोजलेले मूल वडीलधाऱ्यांचा हातही थांबवील. येत्या पावसाळ्यात आळे अवश्य करावे. पुंकेसर, पराग हे शब्दही मुलांच्या ओठी तेथेच रुजतील.